पाटी पलटली तेव्हा...

रविवारी सकाळी साडेसात वाजता माझे ऑफिसमधले मित्र काय करत असतात? अर्थात, झोपलेले असतात. मी त्या वेळी जुन्या बाजारात उकिडवा बसून एका गंजलेल्या पत्र्यावर नख घासत असतो.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी ऑफिस, त्यामुळे माझ्या वाट्याला रविवारच. नळाच्या तोट्या, अर्धा टाइपरायटर, कुणाच्या तरी लग्नातली समई, किल्ली नसलेली पितळी कुलपं... आणि या सगळ्याच्या मागे, दुकानदाराने स्वतःच्या बुडाखाली घेतलेली एखादी इनॅमलची पाटी. दुकानदार ज्याच्यावर बसलाय ती वस्तू आधी बघायची, हा माझा साधा फंडा आहे. जे विकायला मांडलंय त्याची किंमत त्याला पाठ असते. जे बसायला घेतलंय त्याची नसते.

मी गाड्यांच्या जुन्या जाहिराती जमवतो. म्हणजे गाड्या नाही हं! व्हिंटेज गाडी घ्यायची तर माझ्या पगाराला सात जन्म लागतील आणि पार्किंगला आठवा. मी जमवतो ते पेट्रोल, ऑइल, टायर, स्पार्क प्लग यांच्या पाट्या, ऑइलचे रिकामे डबे, डीलरने वाटलेली कॅलेंडरं, पेट्रोल कंपन्यांनी छापलेले रस्त्यांचे नकाशे. "म्हणजे तू भंगारवाला," असं आमच्या टीम लीडने एका वाक्यात आवरलं होतं. आईचं मतही फार वेगळं नाही. ती फक्त "भंगारवाला निदान पैसे घेऊन जातो" एवढी पुस्ती जोडते.

हे खूळ डोक्यात शिरलं २००९मध्ये. एका मित्राकडे भिंतीवर डनलॉपची पिवळी पाटी लावलेली पाहिली आणि एकदम लहानपणीचं सायकलचं दुकान नाकात घुसलं. रबर सोल्युशनचा वास, पाण्याने भरलेलं घमेलं, ट्यूबमधून येणारे बुडबुडे आणि वर ती पाटी. आपली पिढी टीव्हीवरच्या ‘हमारा बजाज’वर वाढली, ती जाहिरात १९८९ची. पण त्याच्या आधी गाडीची जाहिरात म्हणजे रस्त्यावर टांगलेला पत्राच होता. ऊन, पाऊस, धूळ आणि पोरांचे दगड खात तो वर्षानुवर्षं तिथेच लटकायचा. आजचं होर्डिंग पंधरा दिवस टिकलं तरी खूप!

लोखंड नाही, काच!

पहिली पाटी मी स्वतःच्या हाताने मारली. खून म्हटलं तरी चालेल.

मोबिलऑइलची पाटी होती, त्यावर तो प्रसिद्ध लाल गार्गॉइल. पंख असलेलं, चोच असलेलं, युरोपातल्या चर्चच्या छपरांवर बसलेलं असतं तसलं ध्यान. हा प्राणी व्हॅक्युम ऑइल कंपनीचा. पुढे भारतात तो धंदा स्टॅनव्हॅककडे, मग एस्सोकडे आणि १९७४मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला. पाटीवर गंजाचे ओघळ होते. मी इंजिनिअर. म्हटलं, गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड, अ‍ॅसिडने जाणार. घरात अ‍ॅसिड कुठे असतं? बाथरूममध्ये. टॉयलेट साफ करायची बाटली ओतली, दहा मिनिटं ठेवली आणि धुतली. गंज बऱ्यापैकी गेला. त्याबरोबर गार्गॉइलची चमकही गेली. काचेसारखा लाल रंग शाळेतल्या खडूसारखा भुरका झाला. मी तेल लावून पाहिलं, पॉलिश लावून पाहिलं. काही उपयोग नाही. गेलं ते गेलं.

ती पाटी घेऊन मी मुंबईला चोरबाजारात गेलो, मटण स्ट्रीटवर. तिथे एक वयस्कर गृहस्थ जुन्या पाट्या, दिवे, ग्रामोफोनचे कर्णे दुरुस्त करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी पाटी हातात घेतली, उजेडात तिरपी धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत उभा राहिल्यासारखा उभा राहिलो. "लोहा समझके धोया ना? साब, ये लोहा नहीं, काच है."

त्या एका वाक्यात सगळा धडा होता. आजीच्या घरातली निळ्या काठाची पांढरी ताटली आठवा. खाली पडली की टवका उडायचा आणि आतून काळं दिसायचं. पाटीची जात तीच. लोखंडी पत्रा आधी साफ करून त्यावर पहिला गडद थर द्यायचा. त्यात कोबाल्टसारख्या धातूंचे अंश असतात, म्हणून तो लोखंडाला घट्ट धरतो. मग काचेची रंगीत पूड आणि भट्टी. तापमान साधारण ८०० अंश सेल्सिअस. पूड वितळते आणि पत्र्यावर काचेचा थर बसतो. मग स्टेन्सिल ठेवून पुढचा रंग, पुन्हा भट्टी. तिसरा रंग, पुन्हा भट्टी. जितके रंग तितक्या वेळा पाटी भाजून निघते. म्हणून या पाट्यांचे रंग पन्नास-साठ वर्षं उन्हात राहूनही उडत नाहीत. ऑइलपेंटचा रंग हा वरून लावलेला लेप, हा तर भाजलेला!

इंग्लंडमध्ये फक्त अशा पाट्या करण्यासाठी पेटंट इनॅमल कंपनीने बर्मिंगहॅमजवळ १८८९मध्ये कारखानाच काढला होता. भट्ट्या, कोळसा, लोखंड, कुशल कारागीर, सगळंच महाग. स्वस्त छापील पत्रा आणि प्लास्टिक आल्यावर हा खर्च कोण करणार? त्यामुळे पाटी सापडली की आधी ती किती वेळा भट्टीत गेली असेल ते मी बघतो. कसं? मघाशी सांगितलं ना, नखाने. अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की बारीकशी पायरी लागते. एक रंग दुसऱ्यावर चढलेला कळतो.

गंज खोटा, तर सगळं खोटं

आता सावधगिरीचं सांगतो, कारण हे वाचून तुम्ही पुढच्या रविवारी बाहेर पडलात आणि ‘अँटिक’ म्हणून नवी कोरी पाटी घरी आणलीत तर शिव्या मला पडतील.

बाजारात दिसणाऱ्या चकचकीत विंटेज पाट्यांपैकी कितीतरी नव्या असतात. थीमवाल्या कॅफेच्या भिंतीवर असतात त्या. नवी म्हणून विकली तर माझं काहीच म्हणणं नाही, छान दिसते. पण जुनी म्हणून विकायला तिला मुद्दाम गंजवतात. आणि गंजाची गंमत अशी की तो नाटक करू शकत नाही. खऱ्या पाटीला गंज लागतो तो टवका उडालेल्या जागी, स्क्रूच्या भोकाभोवती आणि खालच्या कडेला, जिथे पाणी थांबतं. खोट्या पाटीला तो सगळीकडे सारखा, मेकअप केल्यासारखा. खऱ्या भोकाभोवती गोल टवका असतो, कारण कधीकाळी कुणीतरी स्क्रू जरा जास्तच आवळला होता. लोखंड वाकतं, काच वाकत नाही, ती उडते. टवक्याची कड काचेसारखी धारदार, मध्ये खोलगट आणि तळाशी तो पहिला गडद थर दिसतो. रंग पापुद्र्यासारखा निघत असेल तर सरळ उठा आणि चहा प्यायला जा.

वजन बघा, मागची बाजू बघा. मागची बाजू नक्की बघा. ही टीप मी सगळ्यांना देतो आणि स्वतः मात्र...

ते पुढे सांगतो.

दुरुस्तीचा चाचांचा नियम असा की कमीत कमी करायचं. साधा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश. गंज खरवडायला बांबूची काडी, फार तर पितळी ब्रश. मग गंजावर टॅनिक अ‍ॅसिड. हे अ‍ॅसिड मात्र सौम्य. ते गंजाशी संयोग पावतं आणि निळसर काळा, टिकाऊ थर तयार होतो. आपल्याकडे हे काही नवीन नाही. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि हिरडा नि हिराकस मिळून काळी शाई व्हायची ती याच तत्त्वावर. शेवटी मेणाचा पातळ हात. बस्स. उडालेले टवके रंगाने भरायचे की नाही यावर कलेक्टर लोकांत राजकारणापेक्षा जास्त भांडणं होतात. चाचा भरत नाहीत. "जो गया वो भी उसीका है," म्हणतात. मीही तेव्हा मोठ्या ऐटीत हेच सगळीकडे सांगत फिरायचो.

शिंपल्याची गोष्ट

माझं खरं वेड म्हणजे बर्मा-शेल. पिवळाधमक शिंपला आणि त्यावर लाल इंग्रजी अक्षरं.

शेल हे नाव कुठून आलं माहितीये? लंडनमध्ये सॅम्युअल नावाच्या कुटुंबाचा पूर्वेकडून शिंपले आणून विकायचा धंदा होता. पुढच्या पिढीने त्याच वाटेवरून तेल न्यायला सुरुवात केली आणि १८९७मध्ये कंपनीच्या नावातच शिंपला आणला. बर्मा ऑइल आणि शेल यांनी १९२८मध्ये भारतातल्या विक्रीसाठी हातमिळवणी केली आणि बर्मा-शेल हे नाव गावोगावी पोचलं. गाडी फार थोड्यांकडे होती, पण कंदील नि स्टोव्ह घरोघरी. रॉकेलचा तो चौकोनी अठरा लिटरचा डबा रिकामा झाल्यावर त्याचं काय काय झालं नाही! पाण्याचा, धान्याचा, तुळशीचा, पत्रा कापून छपराचा. माझी आजी बर्मा-शेल हा शब्द ‘बर्माशेल’ असा एका दमात म्हणायची. पुण्यात विमानतळाजवळच्या वस्तीला आजही लोक बर्माशेलच म्हणतात. तिथून रोज कॅबने जाणाऱ्या किती जणांना हे नाव कशाचं आहे ते माहीत असेल?

मग १९७६ उजाडलं. सरकारने बर्मा-शेल ताब्यात घेतली आणि १९७७पासून तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. कॅलटेक्सचा लाल तारा १९७८मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरून गेला. म्हणजे चार-पाच वर्षांत देशभरातल्या पेट्रोल पंपांवरची चिन्हं बदलली. आता विचार करा, जाड लोखंडाच्या, न गंजणाऱ्या, पाणी न झिरपणाऱ्या एवढ्या पाट्या खाली उतरल्या. आपल्या देशात अशी वस्तू कुणी फेकून देतो का? विहिरीवर झाकण म्हणून, कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून, गोठ्याच्या भिंतीला ठिगळ म्हणून त्या निमूटपणे कामाला लागल्या. कलेक्टरला म्हणूनच शहरात कमी आणि हायवेवर जास्त हिंडावं लागतं.

हवा फुकट

२०१५च्या जून महिन्यात पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरच्या अलीकडे माझ्या बाइकचं मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान समोरच होतं. रस्ता रुंदीकरणात पुढची शेड गेलेली, उरलेलं दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, एक बाकडं आणि भिंतीला टेकवून ठेवलेली पाटी. काळपट पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने लिहिलेलं: ‘येथे टायर ट्यूब पंक्चर काढून मिळेल. हवा फुकट.’ ‘टायर’मधला ‘र’ एवढासा, कारण जागा संपत आली होती. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रो.’ आणि मालकाचं नाव.

दुकानदार माझ्याच वयाचा. तो ट्यूब पाण्यात बुडवत होता तेवढ्यात मी पाटीच्या कडेला हात लावला. कड जाड होती, गुळगुळीत होती. काळजाचा ठोका चुकला म्हणतात तो असा. पाटी हळूच पुढे ओढली आणि मागे डोकावलो.

शिंपला! अख्खाच्या अख्खा. भिंतीकडे तोंड करून बसल्यामुळे त्याला ऊन नाही, दगड नाही, काही नाही. खालच्या भोकापाशी गंज आणि दोन टवके सोडले तर काल भट्टीतून निघाल्यासारखा.

मी शक्य तितका कंटाळलेला चेहरा केला. (हे कौशल्य मीटिंगांमध्ये आपोआप कमावलं जातं.) "ही पाटी देणार का?" तो म्हणाला, "काय करायचीये साहेब, जुनीये. आता फ्लेक्स करणारे मी." अठराशे रुपयांत सौदा झाला. पंक्चरचे पन्नास वेगळे. जाताना, आणखी काही जुनं सापडलं तर कळवा, म्हणून माझा नंबर दिला. संपूर्ण रस्ता मी हेल्मेटमध्ये शिट्टी वाजवत आलो.

रात्री पाटीचे फोटो ओळखीच्या कलेक्टरांना पाठवले. मुंबईहून एकाचा दहा मिनिटांत फोन. पंचवीस हजार! अट एकच, मागचं ते पंक्चर-बिंक्चर साफ करून द्यायचं.

चाचांना फोन केला. ते म्हणाले, खालच्या भोकाचा गंज मागून रंगाखाली किती पसरलाय ते आधी बघा, एका कोपऱ्यात, थोडंसं. मी थिनर घेतला, कापूस घेतला. कोपरा कुठला? जिथे अक्षरं सगळ्यात बारीक, तो. उजवीकडचा खालचा. ‘प्रो.’वाला. मी ते नाव वाचलं आणि पुसलं. या ओळीत मला काही मऊ शब्द घालता आले असते, पण तसंच झालं. मागच्या बाजूलाही काचेचाच थर असतो आणि काचेवर ऑइलपेंट कधी नीट धरत नाही. मला वाटलं होतं दहा वेळा घासावं लागेल. एकाच फटक्यात नाव कापसावर आलं.

चौथ्या दिवशी, ऑफिसात कॉल चालू असताना, मंचरच्या त्या नंबरवरून फोन. पलीकडे म्हाताऱ्या बाईंचा आवाज. "पाटी तुम्हीच नेली का? पोरानं मला न विचारता दिली. ती आमच्या मालकांनी लिव्हलेली हाये."

"पुसू नको"

मी तिला फोनवर काही सांगितलं नाही. धीर झाला नाही. शनिवारी मित्राची गाडी घेतली, पाटी चादरीत गुंडाळली आणि गेलो.

आजींनी जे सांगितलं ते असं. त्यांचे यजमान तरुणपणी बर्मा-शेलच्या पंपावर कामाला होते. पंपावरच्या पाट्या बदलल्या तेव्हा जुन्यांपैकी एक त्यांनी मागून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून गावी आणली. काही वर्षांनी नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं. पेंटरला द्यायला पैसे नव्हते, म्हणून पाटी पालथी घालून स्वतःच ब्रश धरला. आयुष्यात त्यांनी लिहिलेली ती एकच पाटी. २०११मध्ये ते गेले.

"पुढच्या बाजूवर लिहायचं नाही म्हणायचे," आजी म्हणाल्या. "कंपनीचं नाव हाये. त्यावर आपण कसं लिहायचं?"

चादर सोडली. आजींनी शिंपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटी पालथी करायला सांगितली आणि अक्षरांवरून हात फिरवत गेल्या. ‘टायर’, ‘ट्यूब’, ‘हवा फुकट’. मग हात खाली उजव्या कोपऱ्याशी आला आणि थांबला.

"मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांचं नाव कुठं होतं ते ठाऊक हाये."

मी सांगितलं. थिनरचं, कापसाचं, सगळं. मुलगा शेजारी उभा होता, त्याच्यासमोर पंचवीस हजारांचंही सांगितलं. ते न सांगता निघून येणं मला जमलं नसतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अठराशेत गंडवलंत की मला." मी हो म्हटलं. आणि काय म्हणणार? हा छंद पुष्कळदा असाच चालतो. समोरच्याला जे माहीत नाही त्यावर आपली कमाई. आपण त्याला ‘नजर’ असं गोड नाव देतो.

मी पाटी परत देऊ केली, मोबदला नको म्हटलं. खरं सांगतो, म्हणताना पोटात खड्डा पडला होता. मुलाने दुकानाकडे पाहिलं. छत नाही, रस्ता अजून किती आत येणार ते माहीत नाही, भिंतसुद्धा राहील की नाही याची खात्री नाही. "इथं ठेवून काय करू? चोरीला जाईल." शेवटी आजीच म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडं. पण पुसू नको." मी मुलाच्या हातात आणखी पाच हजार ठेवले. त्याने आढेवेढे न घेता मोजून घेतले आणि मला त्याचं बरं वाटलं.

उरला प्रश्न नावाचा. मी चाचांना तिथूनच फोन लावला. त्यांचं म्हणणं ठरलेलं: गेलेलं पुन्हा लिहिलं की ते खोटं. कलेक्टर म्हणून मला ते शंभर टक्के पटतं. फोन स्पीकरवर होता. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "खोटं कसं? नाव तेच की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाचांकडेही नसावं, कारण ते हसले आणि म्हणाले, "फिर माँजी जो बोले वो."

मुलाने शेजारच्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटची छोटी डबी आणली. ब्रश मिळाला तो भिंतीचा, जाडा. त्याने वडिलांचं नाव लिहिलं. अक्षर वडिलांसारखं अजिबात नाही. ओळ वर चढत गेली आणि शेवटचं अक्षर कडेला चिकटलं. जागा त्यालाही पुरली नाही!

मी कोरडेपणाने म्हटलं, "काचेवर रंग टिकत नाही हं. दहा-बारा वर्षांत सुटेल."

"मग परत लिहू," तो म्हणाला.

भिंत

खालच्या भोकाचा गंज मी बांबूच्या काडीने खरवडला, टॅनिक अ‍ॅसिडचे दोन हात दिले, तो काळा पडून थांबला. रंग पूर्ण वाळेपर्यंत महिनाभर थांबलो आणि मग मेण. रंगाखाली गंज थोडा असेलच. त्याच्यासाठी अक्षरं काढावी लागतील, ती मी काढणार नाही. मुंबईच्या कलेक्टरला नवे फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "मागे हे वाकडं काय लिहिलंय? नवीन आहे का? मग दहा हजार." मी नाही म्हटलं. त्यानंतर त्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बाराच्या वर गेला नाही.

लावताना कुठली बाजू पुढे, यावर घरात मतदान झालं. आई शिंपल्याच्या बाजूने. पिवळा रंग हॉलला शोभतो म्हणे. मी पंक्चरच्या. शेवटी पाटी हॉलमध्ये गेलीच नाही. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, पुढे छोटा व्हरांडा. तिथल्या भिंतीवर, छपराखाली, पाणी लागणार नाही अशा जागी लावली. शिंपला त्याच्या सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून. स्क्रू हाताने, फार न आवळता, मध्ये रबराचे वायसर घालून. वर्षातून एकदा काढतो, दोन्ही बाजू पुसतो. म्हणजे कोरड्या कापडाने, झटकतो म्हणू या. शिंपल्याचा फोटो काढतो आणि परत लावतो. मंचरला फोटो पाठवतो तो मात्र पंक्चरच्या बाजूचा.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला बेल वाजली. डिलिव्हरीवाला पोरगा, नखशिखांत भिजलेला, स्कूटर ढकलत आलेला. आम्ही तर काही मागवलं नव्हतं. त्याने व्हरांड्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "काका, पंक्चर निघेल ना?"

मी म्हटलं पंक्चर नाही काढत बाबा, दुकान पुढच्या चौकात आहे. तो वैतागून वळला. मग थांबला, पाटी पुन्हा वाचली.

"निदान हवा तरी?"

पायाने मारायचा पंप माझ्या गाडीच्या डिकीत होता. छत्री घेऊन बाहेर गेलो.